माझ्या उलट्यांचा अर्थ

बारावीच्या वर्षी मी जेवलेलं ओकून टाकायचे. पोट बिघडलं म्हणून नाही, अंगाला लागू नये म्हणून. पेडगावच्या आमच्या घरात माझ्या अंगावर बोलायचा हक्क सगळ्यांना होता. आत्या यायची ती पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच म्हणायची, "काय गं, लयच सुटलीस की! कोण करून घेईल हिला?" सगळे हसायचे, मीही हसायचे. मग ताटावर अर्धी भाकरी खाऊन उठायचे आणि दुपारी घर रिकामं झालं की भाकरी, गूळ, शेंगदाणे, हाताला लागेल ते उभ्याउभ्या खात सुटायचे. थांबताच यायचं नाही. त्यानंतर स्वतःची इतकी किळस यायची की पोटात काही राहू द्यावंसं वाटायचं नाही.

मी वाळले तेव्हा त्याच आत्यानं माझ्या गालावरून हात फिरवला. "आता कशी दिसायलीस!" केस गळत होते, पाळी थांबली होती, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी येत होती. पण कौतुक चालूच होतं.

एके दिवशी तिनं मला गोठ्यामागं ओकताना पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवायला आली नाही. सरळ आईकडं गेली. आईनं मला खोलीत ओढून दार लावलं.

"कोण हाय तो?"

"कोण?"

"मला येडी समजू नको. किती दिवस झाले?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना आणि माझं गप्प बसणं आईला कबुलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला एसटीनं जिंतूरला नेलं. परभणी जवळ होती, पण तिथं ओळखीचं कुणीतरी भेटलं असतं. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी तपासणी केली आणि म्हणाल्या, "तसलं काही नाही." आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मग उलट्या कशानं होतात गं? जेवतेस ना नीट?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "पित्त हाय तिला, लहानपणापासून."

मला कधीच पित्त नव्हतं. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येताच आईनं आत्याला फोन लावला. "काहीच न्हाई निघालं, देवाची कृपा."

काहीच नाही! पोटात कुणाचं पोर नव्हतं, म्हणजे पोरीला काही झालेलंच नव्हतं. त्यानंतर घरात माझ्या उलट्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी आणखी नऊ वर्षं ओकत राहिले. शिकले, शाळेत नोकरीला लागले, लग्न झालं, तरी ओकतच होते.

शेवटी दाढ दुखायला लागली म्हणून परभणीत दातांच्या डॉक्टरकडं गेले. त्यानं आरसा धरून पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, दात आतून झिजलेत. तुम्ही उलट्या करता का?" आवाजात किळस नव्हती, संशय नव्हता. मी त्या खुर्चीवरच हुंदके देऊन रडले. त्यानं मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. पहिल्यांदा गेले तेव्हा नवरा सोबत आला.

आईला सांगितलं तर ती दचकली. "येड्याच्या डॉक्टरकडं? पोटाचं दुखणं हाय म्हण. घरात खायला असून पोटात ठिवत न्हाई म्हणलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"जिंतूरच्या बाई मला विचारायल्या होत्या, आई. तू का बोलू दिलं न्हाईस?"

ती मेथी निवडत राहिली. "घाबरले होते."

"मला काही होईल म्हणून?"

"लोक काय म्हणतील म्हणून."

खरं बोलली, पण त्या खऱ्यानं माझं डोकं आणखीच फिरलं. मी ताडकन उठून निघून आले आणि महिनाभर तिचा फोन घेतला नाही.

आता बहुतेक दिवस जेवलेलं पोटात राहतं. सगळे दिवस नाही. आईकडंही जाते. मागच्या खेपेला शेजारीण येऊन बसली होती. मी दर महिन्याला परभणीला डॉक्टरकडं जाते हे तिला कुठूनतरी कळलं होतं. "कशाचा डॉक्टर गं?" तिनं विचारलं.

"दाताचा," आई म्हणाली.

"न्हाई," मी म्हणाले आणि आईच्या देखत तिला सगळं सांगितलं.