कोपऱ्या लागला तिथे

दोरीमामाला डोळे बांधून समुद्रात सोडला तरी घरी येईल, असं बंदरावर सगळे म्हणायचे. मामालाही ते खरं वाटायचं, तिथेच सगळा घोळ झाला.

बंदराच्या तोंडाशी डाव्या हाताला बुडालेला खडक आहे. वरून दिसत नाही, पण होडीचं पोट फाडतो. उजवीकडे नुसती वाळू, नि तिच्या पलीकडे लाटा अडवायला घातलेला दगडी बांध. धुकं पडलं की मामा इंजिन बंद करायचा नि गळाची दोरी तळाला सोडायचा. कोपऱ्या लागला की खडक जवळ आला असं समजून होडी उजवीकडे वळवायचा.

कोपऱ्या म्हणजे बास जातीचा बुटका मासा. मोठा झाला तरी पंजाएवढा, अंगावर मातकट पट्टे. पोहायचा त्याला भारी कंटाळा. दगड-शिंपल्यांच्या खाचेत, परांवर कोपरं टेकल्यासारखा बसतो नि डोळे तेवढे फिरवतो. बारका खेकडा समोरून गेला की गप्पकन गिळायचा नि पुन्हा आपल्या भोकापाशी. दुसरा कोणी जवळ आला की धावून जातो. प्रत्येक मासा नरही नि मादीही. संध्याकाळी जोडी जमली की आळीपाळीने अंडी सोडतात.

"नवराही तोच, बायकोही तोच," मामा सांगायचा. "भांडणच मिटलं."

"पुढच्या जन्मी तेच व्हा," मामी चुलीपासून म्हणायची, "माझी तरी सुटका होईल."

गेल्या वर्षी बंदर खोल करायचं काम निघालं. यंत्र बसवलेला तराफा तळातले दगडगोटे उपसायचा नि उजवीकडच्या वाळूवर ओतायचा. मामा धक्क्यावर बसून शिव्या घालत बघायचा. बघितलं सगळं, पण पुढचं डोक्यात आलं नाही. कोपऱ्या घर सोडत नाही, हे खरं. त्याची अंडी मात्र पाण्यावर वाहत जातात, नि पिल्लं दगड सापडेल तिथे उतरतात.

या हिवाळ्यात मामाचा होडीवरचा जोडीदार गुडघ्यांनी अंथरुणाला खिळला. जावयाचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान बंद पडलेलं, म्हणून मामाने त्याला होडीवर घेतला. मुलगी धक्क्यावर आली.

"बाबा, यांना पोहता येत नाही. धुकं दिसलं तर लगेच मागे फिरा."

"मी आहे ना गं."

"मामांना विचारल्याशिवाय मी बुडायचा नाही," जावई हसला.

दुपारी परत फिरले तेव्हा धुकं नाकाशी आलेलं. जवळ कुठेतरी लाट फुटत होती, पण आवाज चहूकडून यायचा. मामाने दोरी सोडली. कोपऱ्या लागला.

"उजवीकडे घ्या, जावईबापू."

जावयाने खिशातून फोन काढला. "मामा, यात तर आपण आधीच उजवीकडे दिसतोय. बांधाच्या बाजूला."

"तुमचा फोन वर आभाळात बघतो. मी तळाला बघतोय. घ्या उजवीकडे."

सासऱ्याशी वाद कसा घालायचा? जावयाने होडी वळवली.

थोडं पुढे जाऊन मामाने पुन्हा दोरी सोडली. आता खाली वाळू, दोरी रिकामी यायला हवी होती. पुन्हा कोपऱ्याच आला.

"ओढ आहे पाण्याला," मामा पुटपुटला. "खडकाकडे ढकलतेय. अजून घ्या. नि तुम्ही बांबू घेऊन नाळेवर उभे राहा, सुकाणू मी धरतो."

जावई पुढे टोकाशी गेला. धुक्यात त्याची पाठ तेवढी दिसत होती. मामाने सुकाणू काखेत दाबून तिसऱ्यांदा दोरी ओढली. तिन्ही मासे फळीवर शेजारी शेजारी पडले. बोटाएवढे. तिन्ही बोटाएवढेच. खडकावर लहानांबरोबर म्हातारेही लागायचे, पंजा भरेल असे. इथे म्हातारा एकही नव्हता. सगळे नव्या घरातले, गेल्या वर्षीच्या दगडांवरचे.

"बसा! खाली बसा!" ओरडत मामाने होडी डावीकडे काढायला सुकाणू रेटलं.

होडी वळली, पण अर्धीच. लाटेने तिला उचलून बांधावर आपटलं. जावई बांबूसकट होडी नि दगडांच्या मधे गेला. मामाला धक्क्यावरच्या लोकांनी ओढून काढला. जावई ओहोटी लागल्यावर सापडला.

मुलगी रडली नाही. ओल्या कपड्यांनी बसलेल्या बापासमोर येऊन उभी राहिली.

"होडी उजवीकडे कोणी घ्यायला लावली?"

धक्क्यावर जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "पोरी, धुकं होतं, ओढ होती..."

"तुम्हाला नाही विचारलं, काका."

मामाने मान वर केली नाही.

"मी," तो म्हणाला. "तो नको म्हणत होता."