शांताकाकूच्या हातचं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक.

नांदेडकडच्या गोरेगावात आमचं आणि शांताकाकूचं घर भिंतीला भिंत. काकू म्हणजे माझी चुलती, विधवा, लेकरूबाळ नसलेली. एकदा, नव्वदच्या दशकात, तिच्याकडं जेवून आलो आणि पोटात डावीकडं अशी कळ उठली की आडवाच झालो. ताप भरला. आईनं लगेच निदान केलं — "तिनंच चारलं काहीतरी! न्हाई तर धडधाकट पोरगं असं लोळंल व्हय?" चारलं म्हणजे जेवणातून करणी केली.

नांदेडच्या डॉक्टरांनी आधी सूज उतरवली. मग काही आठवड्यांनी मागच्या वाटेनं आतड्यात पांढरं औषध सोडून एक्स-रे काढला, खिडकीच्या उजेडात धरला — काय सांगू! माझंच मोठं आतडं, वळणावळणाचं, आणि कडेनं तुरीच्या दाण्याएवढ्या पिशव्या. बापरे, हे आत घेऊन मी हिंडत होतो? डॉक्टर म्हणाले, त्यातली एक सुजली होती. अशा पिशव्या वर्षानुवर्षं होत जातात, एका जेवणानं नाही.

काकूवरचा आळ त्या एका वाक्यात उतरला असता. घरी येऊन मी काय सांगितलं? "औषध दिलंय." बस. कुठून औषध सोडून फोटो काढला, हे चारचौघांत कसं बोलायचं? लाज वाटली, हो — पण लाज किती दिवस टिकते?

पथ्य मात्र बराबर पाळलं. कळ, ताप आला की आधी दवाखाना, मग सांगतील तोवर पाणी, गाळलेली पेज, गोळ्या. निवळलं की हळूहळू ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ. आणि ते सुजलेलं आतडं खरंच शांत व्हायचं! दरवेळी मी थक्क व्हायचो, मनातल्या मनात हात जोडायचो.

इकडं काकूच्या हातचं गल्लीत कुणी खाईना. सणाला तिनं पाठवलेलं ताट आई उकिरड्यावर ओतायची. मी बघायचो. माझं दुखणं उठलं की काकू भिंतीपलीकडून विचारायची, "कसं हाय रं लेकरा? पेज करून देऊ का — न्हाई, राहू दे. तुझी आईच करंल." तिला सगळं कळत होतं. तरी माझी चौकशी! कुठून आणत असेल ही बाई एवढं मन? मी अवाक व्हायचो — आणि गप्प बसायचो.

मग काकू गेली. तेराव्याला अख्खी गल्ली तिच्या अंगणात जेवली. स्वयंपाक आचाऱ्यानं केला होता, म्हणून कुणी मागंपुढं पाहिलं नाही. मीही पंगतीत बसलो. पोटभर जेवलो.