तिच्या घरचं नवीन दार

आज सकाळी तिने मला पहिल्यांदा "दादा" म्हटलं आणि माझी वाट लागली.

मी भांडुपला दारांच्या दुकानात कामाला आहे. तिच्या घरचं मेन डोअर खालून कुजलंय, म्हणून माप घ्यायला गेलो होतो. महिनाभर चॅटवर मीच तिला समजावतोय, लाकडी नको, प्लास्टिक-भुशाचं कंपोझिट घ्या, पाण्याने फुगत नाही. रंगसुद्धा आम्ही दोघांनी मिळून ठरवला.

आणि आज वडिलांसमोर? "दादा, जरा कॅटलॉग दाखवा ना."

वडिलांनी विचारलं, "शिक्षण काय रे तुझं?"

"एसवायला सोडलं, काका."

"वाटलंच. सागवानी दाखव. असलं प्लास्टिकचं दार बघून हिला बघायला येणारे काय म्हणतील?"

माझं डोकं फिरलं. "सोन्याचं लावा काका, पण मी कोण ते हिला विचारा."

ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "दुकानातले आहेत, पप्पा."

दोन वर्षं आमचं जमलंय, यार! तुम्हीच सांगा, माझ्याबरोबर दाराचा रंग निवडताना लाज नाही वाटली, मग ओळख दाखवायलाच का वाटावी?

मी टेप उचलली, बाहेर पडलो आणि दार धाडकन ओढून घेतलं.