दंडातली बेडकुळी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं असेल तर वाल सोलले. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून येणार होती, तिला बिरडं आवडतं म्हणून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकले होते. पडवीत तिरपं ऊन होतं. बायकोच्या, वत्सलाच्या बोटांत दाणा दाबायचीही ताकद उरली नव्हती. मी दाबायचो, दाणा सुळकन निसटायचा आणि ती मांडीवर पसरलेल्या पदरात झेलायची. एखादा बाहेर गेला की म्हणायची, "अवो, नेम धरा की." मग दमली. उरलेले बांधून ठेवा, सकाळी सोलू, म्हणाली. मी ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधली. पहाटे ती झोपेतच गेली...

मी नारळ-सुपारीच्या वाडीतला माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही रडत. झाडावर चढण्यात जन्म गेला. नव्या नवरीसमोर पहिल्यांदा माडावरून उतरलो तेव्हा तिनं माझा हात वाकवून बघितला, दंडावर फुगलेली बेडकुळी अंगठ्यानं दाबली आणि विचारलं, "हाय का जागेवर?" पुढं ती सवयच झाली. मी खाली उतरलो की तिचा अंगठा ठरलेला. शेजारीपाजारी हसायचे. हसू देत.

आणि मग तिचेच स्नायू झिजायला लागले. आधी कळशी उचलेना, मग पडवीची पायरी चढवेना, मग घास गिळताना ठसका लागायचा. याला औषध नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. बरं केलं. गोड बोलले असते तर मी भांडलो असतो.

मुलगी मनीषा, घरातली मनी, एका प्रयोगशाळेत काम करते. आईचा आजार कळल्यावर तिनं उंदरांच्या स्नायूंचं काम मागून घेतलं. वत्सला येईल त्याला सांगायची, लोकांची मनी उंदीर खाते, आमची मनी उंदरांना खायला घालते.

एका सुट्टीत मनीनं आम्हाला ते काम समजावलं. मला कळलं तेवढं लिहितो. स्नायूत एक प्रथिन असतं. ते कसं बनवायचं ते ज्यात लिहिलेलं असतं ते जनुक. ते उंदराच्या अंगात सगळीकडे असतं, कानात, कातड्यात पण. पण उघडतं स्नायूतच, आणि तेही पिल्लू लहान असताना. पिल्लू मोठं झालं की ते गप्प बसतं, दुसरं बोलायला लागतं. स्नायूला इजा झाली आणि तो भरून यायला लागला, की लहानपणचं ते पुन्हा थोडा काळ बोलतं. कधी बोलतं ते दिसावं म्हणून त्याला चमक जोडून ठेवतात. मनीनं फोनवर फोटो दाखवला. पिल्लाच्या पायाचा एवढासा काप, काळोखात हिरवे धागे पेटलेले. वत्सला कितीतरी वेळ बघत राहिली. "आपल्या खाडीचं पाणी पेटतं तसं," म्हणाली. खरंच तसं. लग्न झालं त्या थंडीत होडीतून येताना तिनं पाण्यात हात सोडला होता आणि बोटांमागं उजेड ओढला जात होता... तो हात मला अजून दिसतो. झोपेत नाही, जागेपणी.

मी सरळ विचारलं, मग तुझ्या आईचं कधी बोलेल? मनीनं खोटं सांगितलं नाही. "बाबा, हे औषध नाही. ते कधी आणि कशानं उघडतं, एवढंच आम्ही बघतोय."

त्याच दिवशी तिनं हेही सांगितलं, की परदेशात स्नायूला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ छोटा उंदीर. कातड्याखाली पळतो म्हणून. वत्सला खूप हसली. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकुळी, म्हणाली. जे दिसलं ते पळालंच की.

पुढं आई फारच थकली तेव्हा मनी काम सोडून घरी राहायला आली. वत्सला तिच्यावर पहिल्यांदाच चिडली. "तू हितं माझे पाय चेपत बसलीस म्हणून ते उघडणार हाय का? मला न्हाय कळलं तरी चालंल. कुणाला तरी कळू दे." आवाज खोल गेला होता, तरी मनीनं ऐकलं. परत गेली.

त्या सकाळी मनी बिरडं खायला आली, तर दारात माणसं जमलेली. दुपारी आम्ही वत्सलाला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनी पडवीच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "बाबा, मी आता परत जात नाही. जिच्यासाठी बघत होते तीच नाही."

मी आत गेलो. घरात सुतक, चूल थंड. कोपऱ्यातली पुरचुंडी सोडली. फडकं सुकत आलं होतं, तरी मोड लांबले होते. शिजवायचे नव्हते आणि टाकवेनात. विहिरीकडच्या वाफ्यात बोटानं खड्डे केले आणि एकेक दाणा लावत गेलो. मनी न सांगता कळशी भरून घेऊन आली. पाणी ओतायला तिनं हात वाकवला, तसा मी तिचा दंड धरला आणि अंगठ्यानं दाबून बघितला.

"हाय जागेवर," म्हटलं. "जा तू."