घेतलीय का?

धुळवडीच्या दुपारी नाक्यानाक्यावर पोलीस असतात, हे पनवेलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी मी काळूरामदादाला स्टिअरिंगवर बसल्याबसल्या द्राक्षासवाची दोन झाकणं पाजली. मी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात काउंटरवर असतो, त्यामुळे सल्ला द्यायची खाज. त्याला अन्न पचत नव्हतं. "द्राक्षांचंच आहे, दादा. जेवलायस ना, मग आत्ताच घे." बाटलीवर बारीक अक्षरांत 'स्वयंनिर्मित मद्यार्क' छापलेलं असतं. ते मी गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो, मित्रांना नाही.

काळूरामदादा डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला आदिवासी. आईबाप वीटभट्टीवर राबले. हा विटांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि ड्रायव्हर होऊन उतरला. आता खारघरच्या टॉवरमधली मुलं शाळेत सोडतो. दारूला शिवत नाही, म्हणून वाडीतल्या लग्नात त्याच्याजवळ कोणी बसत नाही. आणि खारघरमध्ये 'वाडीवरचा आहे, पीत असणारच' म्हणून मुलांच्या आया खिडकीशी वाकून वास घेतात. त्यांच्या भीतीने तो बडीशेपसुद्धा खात नाही. बडीशेप खाणारा ड्रायव्हर काहीतरी लपवतो, असं त्यांचं शास्त्र. व्हॅनच्या मालकाने, देवेशशेठने, कामावर ठेवतानाच बजावलं होतं, "पोलिसांचं मशीन एकदा वाजलं की चावी माझ्या टेबलावर."

त्या दिवशी शाळा बंद होती. व्हॅन गॅरेजला न्यायची आणि जाताजाता मला रोडपालीला सोडायचं, एवढंच काम. रोडपालीच्या सिग्नलच्या अलीकडे हात आडवा आला.

हवालदाराने नाक आत घातलं. "घेतलीय का?"

"घेतलं ना, सायेब. दोन झाकणं. यानंच दिलं."

"औषध, साहेब," मी घाईने म्हणालो. "औषध घेतलंय त्याने."

"आज सगळे औषधच घेतात. फुंक."

काळूरामदादाने नळीत फुंकलं. मशीन वाजलं.

त्याने गाडी बाजूला लावली आणि किल्ली हवालदाराच्या हातात ठेवली. अजून कोणी मागितलीही नव्हती.

कडेला रंगलेल्या लोकांची रांग बसवली होती. त्यातला एक हिरवा माणूस सरकला. "या काका. कुठली होती?"

"द्राक्षांची," माझ्या तोंडून गेलं.

"वाइन? मोठी माणसं."

काळूरामदादा उन्हातच उभा राहिला. "बसलो तर यांच्यात धरतील," म्हणाला.

मी धावत जाऊन बाटली आणली. हवालदाराने ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली. "मद्यार्क. म्हणजे पुरावा तूच आणलास."

"साहेब, आत्ताच घेतलंय. गाडी सुरू करताना."

त्याने बाटली मला परत दिली. "मग तोंडातलं वाजलं असेल. चुळा भरू दे, थोड्या वेळाने परत बघतो. तेव्हा वाजलं तर गाडी ठाण्यात आणि हा कोर्टात."

दुकानं बंद, व्हॅनमध्ये पाण्याचा थेंब नाही. हवालदाराने घरून आणलेली स्टीलची बाटली पुढे केली. काळूरामदादाने सगळी चुळांत संपवली. "भरून देतो, सायेब."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. देवेशशेठ.

"उचल ना. ट्रॅफिक आहे सांग."

"खोटं बोलताना माझी जीभ अडकते. त्याला वाटंल पिलाय."

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. मला पहिल्यांदाच विनोद सुचेना.

शेवटी हवालदाराने नवी नळी लावली. "जोरात. वाढदिवसाची मेणबत्ती नाही ही."

दादा गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत फुंकत राहिला. मशीन गप्प. हवालदाराने सावली धरून आकडा पाहिला, मशीन तिरकं करून पुन्हा पाहिला. "शून्य. जा. आणि पुढच्या वेळी घेतलीय का विचारलं तर नाही म्हण."

"पण घेतलं होतं ना, सायेब."

"जा रे बाबा," म्हणत त्याने किल्ली परत दिली.

पुढे गेल्यावर दादाने गाडी थांबवून शेठला फोन लावला. आधी वाजलं, मग नाय वाजलं, सगळं सांगितलं. मग शेठने फोन मला द्यायला लावला, बाटलीवरचं वाचून घेतलं आणि म्हणाला, "त्याला सांग, उद्या मुलं घ्यायला जा. तू मात्र माझ्या व्हॅनमध्ये परत दिसायचं नाहीस."

निघताना पाहिलं तर हवालदाराची बाटली दादाच्या मांडीशी, रिकामी. गॅरेजमध्ये भरून घेऊन परत गेलो तोवर बंदोबस्त उठला होता. त्याचं नावही विचारलं नव्हतं.

दादा रोज सकाळी ती बाटली ताज्या पाण्याने भरतो आणि रोडपालीच्या सिग्नलला काच खाली करतो. उभा असतो तो दरवेळी दुसराच.