रेड ऑक्साइडचा डाग

काल गेट रंगवायला आलेल्या पेंटरनं रेड ऑक्साइडचा डबा उघडला, आणि त्या वासासरशी मी देवासच्या आमच्या जुन्या अंगणात, एका दसऱ्याच्या सकाळी जाऊन उभा राहिलो.

बाबांची जुनी गाडी मी दोन वर्षं खपून ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार केली होती. त्या दिवशी ती धारच्या बाजूला असलेल्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची होती. वजन कमी व्हावं म्हणून आदल्याच दिवशी मागची सीट काढली आणि उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारला; तो अजून पुरता वाळला नव्हता. पूजेनंतर गाडी लिंबांवरून जाईस्तोवर घरातल्या थोरल्या माणसानं मागच्या सीटवर बसायचं, ही आमच्या घरची रीत मी साफ विसरलो होतो.

बाबा इस्त्रीची पांढरी पँट घालून आले. झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, मागचं दार उघडलं आणि क्षणभर थबकले. मग वाकून आत शिरले आणि पत्र्यावरच बसले.

"भिया, टैम हो रहा है," माझ्याबरोबर ट्रॅकवर यायला निघालेला मेकॅनिक मला म्हणाला.

"बाबा, उतरा बरं!" मी खेकसलो. "ही आता माणसं बसवायची गाडी नाही राहिली."

"हो का? मला वाटलं, आपलीच आहे," म्हणत ते उतरले. पँटला मागे लाल डाग पडला होता.

ट्रॅकवर गाडी कशी पळाली, ते आता आठवतही नाही. बाबा गेल्यावर कपाटात ती पँट सापडली. धुतलेली, इस्त्री केलेली. डाग आत जाईल अशी घडी घालून ठेवलेली.