शकूताईंचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर

संगणक अडला की माणसं पडद्याला शिव्या देतात. शकूताई खिडकीतून पाणी बघायच्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं वेळ लिहायच्या, आणि पाणी चढतंय की उतरतंय तेही. वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, त्यांच्याकडून आलेली ही सवय.

रेवसच्या जेट्टीवर आमचं लाँचचं कार्यालय. रोज संध्याकाळी सगळ्या लाँचच्या प्रवासी याद्या वर पाठवायचं काम शकूताईंकडे. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची आणि शेवटी चांदणीची खूण द्यायची. त्या खुणेसरशी शेल, म्हणजे आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम, फोल्डरमधल्या सगळ्या याद्यांची नावं गोळा करतो. पण मध्येच एखाद्या दिवशी तो नावं गोळा करता करताच कोसळायचा आणि याद्या अडकायच्या.

खापर फुटलं शकूताईंवर. दहावी शिकलेली बाई, काहीतरी चुकीचं दाबत असणार! प्रोग्रॅम देणाऱ्या कंपनीचे इंजिनियर फोनवरून म्हणाले, "आमच्याकडे तर एकदाही पडत नाही." चौकशीला मुख्य कार्यालयानं मला धाडलं. मी एका पुनवेला दुपारी बारा वाजता वीस वेळा आज्ञा देऊन पाहिली. शेल एकदाही कोसळला नाही.

"सायब, सांजच्याला थांबा," शकूताई म्हणाल्या. "पानी उतरू द्या."

मला परतीची लाँच गाठायची होती. मी 'वापरणाऱ्याची चूक' असं लिहून सही ठोकली. ताईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि त्यांना तिकीट खिडकीवर बसवलं. माफीपत्र मागितलं, ते मात्र त्यांनी दिलं नाही. "चूक माजी न्हाय, तं माफी कशाची?"

त्यांच्या जागी आलेल्या पदवीधराच्या हातूनही शेल कोसळला, तेव्हा मला पुन्हा पाठवलं. ताईंनी कॅलेंडर माझ्यापुढे टाकलं. "अवस-पुनवंच्या आगंमागंच पडतंय, बगा."

त्या दिवशी अवसच होती. संध्याकाळी मी थांबलो. त्या दिवसांत ओहोटी खोल असते. गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाहीत, बाहेर खोळंबतात आणि पाणी चढलं की दोन-दोन एकदम येतात. त्यांवरचे खलाशी मोबाइलवरून आपापली यादी त्याच फोल्डरमध्ये टाकतात. शेल नावं गोळा करत असतानाच याद्यांची भर पडली की तो कोसळायचा. इंजिनियरांच्या फोल्डरमध्ये नवी यादी येतच नव्हती, तर त्यांच्याकडे पडणार कसा?

कंपनीनं आठवड्यात दुरुस्ती केली आणि 'आमच्या तज्ज्ञांनी शोधलेला दोष' असं पत्र पाठवलं. तज्ज्ञ म्हणे! मी तो शेरा काढा म्हणून मुख्य कार्यालयातल्या साहेबांकडे तीनदा गेलो. "राहू द्या हो, कोण वाचतंय?" म्हणाले. शकूताई वाचत होत्या ना! तोच शेरा घेऊन त्या निवृत्त झाल्या. माझी चीड अजून गेलेली नाही, आणि ती निम्मी माझ्यावरच आहे.

निरोपाच्या दिवशी त्यांनी ते कॅलेंडर मला दिलं. "आता तुमी लिवा. येळ बी, पानी बी."

घरी आल्यावर मी त्या पुनवेचा चौकोन शोधला. पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'दुपारी बारा. सायबांनी सही केली. पूर्ण भरती.'